गयामामीचा काळा मसाला आणि लाकडावरची छत्री

अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर बजावलं, "शांताबाई, खरं तेवढंच लिहा." म्हणजे माझं निम्मं आयुष्य तिथंच गाळलं गेलं. उरलेल्या निम्म्यात काय बसतं ते बघते.

मी पिंगळीची. धंदा आळंबीचा. आळंबी म्हणजे मश्रूम, आणि मश्रूम म्हणजे आमच्या गावात कुत्र्याची छत्री. त्यामुळं परभणीच्या भाजीबाजारात आणि ताडकळसच्या आठवडी बाजारात मला सगळे छत्रीवाली म्हणतात. आईबापांनी नाव शांता ठेवलं, ते काय बघून ठेवलं हे त्यांनाच ठाऊक. मी ताडकळसला तोंड उघडलं की पूर्णेच्या बसमधले लोक खिडकीतून बाहेर बघतात, असं आमचे हे म्हणतात. हे बोलतात कमी, पण बोलले की माझ्याइतकंच वाढवून बोलतात. संगतीचा गुण.

धंदा समजायला सोपा आहे. सोयाबीनची रास झाली की उरलेलं भुसकट लोक पेटवून देतात, मी ते गोळा करते. भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळायचं आणि प्लास्टिकच्या पिशवीत थर देत भरायचं. प्रत्येक थरावर बियाणं, म्हणजे गव्हाच्या दाण्यावर वाढवलेली पांढरी बुरशी. पिशव्या शेडमध्ये शिंक्यासारख्या टांगल्या की आत कापूस पिंजल्यासारखं जाळं होतं आणि मग पिशवीच्या भोकाभोकांतून धिंगरी, म्हणजे शिंपल्यासारखी पसरट आळंबी, बाहेर येते, कोंबडीनं पंख पसरावेत तशी. तिला ओलावा लागतो, आणि परभणीच्या उन्हाळ्यात वाळत घातलेली कुरडई घरात आणेपर्यंत तळून निघते. म्हणून शेडला चारी बाजूंनी गोणपाट लावलंय आणि त्याच्यावर दिवसभर पाणी. एका वैशाखात मी इतकं पाणी मारलं की शेडमध्ये बेडूक राहायला आले आणि आषाढ लागला समजून ओरडायला लागले. त्यांचं ऐकून शेजाऱ्यानं पेरणी उरकली.

एकदा धिंगरीचा गुच्छ एवढा आला की तो मांडीवर घेऊन एसटीत बसले, तर कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. हे खरं आहे. तिकीट दाखवा म्हणू नका, ते उंदरानं खाल्लं.

सुरुवातीला लोक घ्यायचे कमी, विचारायचे जास्त. हे शाकाहारी का मांसाहारी? याला हाडं असतात का? एक फेटेवाले आजोबा दर बाजाराला यायचे, छत्री हातात घ्यायचे, वास घ्यायचे आणि परत ठेवायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "आजोबा, घ्यायची का न्हाई?"

"न्हाई बाई. लहानपणी माळावरची उचलून तोंडात घातली, तर मायनं लय मारलं व्हतं. आता माय न्हाई, पर भ्या तसंच हाय."

म्हटलं, पुढच्या बाजाराला यांना भाजी करूनच आणावी, समोर बसवून खाऊ घालावी. उद्या-परवा करत राहिले. मग आजोबा यायचे बंद झाले. या धंद्यात माझं बरंच नासलं, पिशव्याच्या पिशव्या हिरव्या पडल्या, पण जीव हळहळतो तो त्या न केलेल्या भाजीसाठी.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगते. मी सगळ्या बाबतीत फेकते, औषधाच्या बाबतीत नाही. परभणीचे एक निवृत्त साहेब माझं गिऱ्हाईक. फोनवर कुठंतरी वाचून त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली आणि रोज मश्रूम सुरू केलं. मला कळलं तशी मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "साहेब, आधी गोळी, मग छत्री. गोळी न घेणाऱ्याला मी माल देत न्हाई." साहेब रागावले, गेले, आठवड्यानं परत आले. तेव्हापासून ते खिशातून गोळ्यांचं पाकीट काढतात, त्या दिवसाची रिकामी जागा दाखवतात आणि मगच पिशवी पुढं करतात.

तर शिताके, आळंबीचीच दुसरी जात. धिंगरी ही घरातली धाकटी सून; पडेल ते खाऊन पडेल तिथं वाढते. शिताके म्हणजे थोरली जाऊ. तिला लाकूडच पाहिजे, नाहीतर लाकडाचा भुसा. थंडीच पाहिजे. आणि वाढायला महिनोन् महिने पाहिजेत. मूळची ती चीन-जपानकडची. तिकडं म्हणे शेकडो वर्षं खातात. तिच्यात चरबी जवळपास नाही, चोथा भरपूर, ब जीवनसत्त्वं, थोडी प्रथिनं. उन्हात पाठीवर टाकून, म्हणजे खालच्या रेषा आभाळाकडं करून वाळवली, तर माणसाच्या कातडीसारखं तिच्यातही ड जीवनसत्त्व तयार होतं. कोलेस्टेरॉलला बरी म्हणतात. असेल, पण मी त्याची हमी देत नाही. कच्ची मात्र कधी खाऊ नये, काही जणांच्या अंगावर चाबूक मारल्यासारखे वळ उठतात. हे सगळं मला परभणीला आळंबीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा कळलं. तिची चव कशी असते ते मात्र कुणीच नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता.

मला वाटलं, आपल्याकडं पौषात हौदातल्या पाण्यात हात घालवत नाही इतकी थंडी पडते, तर तेवढ्या दिवसांत शिताके का येऊ नये? डोंगरातल्या एका शेतकऱ्याकडून भुशाच्या तयार पिशव्या रेल्वेनं मागवल्या. पिशव्यांत विटेसारखे घट्ट ठोकळे, वरून तपकिरी पडलेले. परभणी स्टेशनावर पार्सल उतरवणारा म्हणाला, "बाई, एवढ्या करपलेल्या भाकरी कुणासाठी चालवल्यात?"

कुणासाठी, ते सांगते.

आमच्या घरामागं मारोतीमामा राहतात. नात्याचे नाहीत, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला, गयाबाईला, मामी म्हणत आले. मामा उमेदीत ऊसतोडीच्या टोळीत होते. एका हातानं मोळी ट्रकवर फेकायचे, दुसऱ्या हातातली विडी विझायची नाही. आणि गयामामीच्या हातचं मटण! तिनं रस्सा टाकला की वास स्टेशनापर्यंत जायचा आणि पिंगळीला न थांबणाऱ्या गाड्यासुद्धा थांबायच्या. सगळी करामत तिच्या काळ्या मसाल्याची. दर चैत्रात ती खोबरं, दगडफूल, धने भाजायची, मी उखळात कुटायला जायची. कुटणावळ म्हणून माझ्या वाटणीला एक लहान बरणी.

त्या वर्षी गयामामी गेली. तीनच दिवसांचा ताप. आमच्याकडं तेराव्याला थोरले लोक विचारतात, गेलेल्याच्या नावानं काय सोडणार? आवडीची एक गोष्ट सोडायची, पुन्हा जन्मात खायची नाही. माझ्या दिरानं बापाच्या नावानं कारलं सोडलं. ते त्यानं आधीही कधी खाल्लं नव्हतं. मारोतीमामांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "मटण."

बरं, मटण सोडून थांबावं ना. पुढं अंडं सोडलं. मग दूध नको झालं. मग डाळ. माणसाला सोडायचीही चटक लागते. चटणीला चतकोर भाकरी लावायची आणि पाणी पिऊन भिंतीला टेकायचं. मोळी फेकणारा हात असा झाला की घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं.

दिवाळीत त्यांची एकुलती लेक केवळा आली. राणीसावरगावला दिलेली. दोघं नवराबायको दर साल टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. माझ्या चुलीपुढं बसून ती म्हणाली, "वहिनी, मी जाऊ कशी? डॉक्टर म्हणले दुखणं काईच न्हाई, फकस्त खायना गेलेत. असंच ऱ्हायलं तर हिवाळा काढायचे न्हाईत."

"मग राहा हितंच."

"माझ्याबिगर यांचा कोयता मोडतो. टोळीत नवराबायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणत्यात, एकट्याला कोण घेतंय? आन् आबांना तिकडं पाचटाच्या खोपीत न्यावं तर…"

मी म्हटलं, "तू बिनघोर जा. परत येशील तवा तुझा बाप तुझ्या ताटातलं उचलून खाईल."

केवळानं डोळे पुसून माझ्याकडं निरखून बघितलं. "वहिनी, खरं सांगायलाव का फेकायलाव?"

"आत्ता फेकायले. तू येईस्तोवर खरं करते."

पहिले काही दिवस मी धिंगरीची भाजी नेली. मामा म्हणायचे, "ठिव तिथं." मी वळले की ताट ओट्याखाली. कुत्र्याची छत्री कुत्र्यालाच. कुत्रं मात्र असं तुकतुकीत झालं की गावात त्याला सोयरिकी यायला लागल्या.

मग थंडी पडली आणि मी शिताकेचे ठोकळे काढले. हे पीक काढायची एक रीत आहे. ठोकळा गार पाण्यात बुडवून ठेवायचा, बाहेर काढायचा आणि त्याला एक सणसणीत दणका द्यायचा. रानात पाऊस येतो, वाळली फांदी धाडकन खाली पडते, तेव्हा आतल्या झोपलेल्या बुरशीला कळतं की आता उठायला हवं. मी अंगणात ठोकळे बडवायला बसले तेव्हा आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं की ती माझ्यावरचा राग तिथं काढते, काढू द्या.

उगवलं मात्र. पहिलाच तोडा. जाड, तपकिरी, मखमली. मी त्या छत्र्या उन्हात पाठीवर टाकून वाळवल्या, कारण वाळल्यावर चव दाट होते. मग कोमट पाण्यात भिजवल्या. ते तांबूस पाणी टाकायचं नाही, रस्स्यात घालायचं. दांडे चिवट असतात, ते काढले. कांदा-खोबरं भाजलं, पौष्टिक म्हणून शेंगदाण्याचं वाटण लावलं आणि माझ्या बरणीतला गयामामीचा मसाला घातला. उकळी फुटली तसे आमचे हे बाहेरून आत आले आणि ताट घेऊन बसले.

वाटी घेऊन मी मामांकडं गेले. आधीच सांगितलं, "मामा, छत्री हाय. दुसऱ्या जातीची."

"ठिव तिथं."

"ठेवत न्हाई. एक घास माझ्यापुढं खा, मग जाते."

मला घालवण्यासाठी त्यांनी भाकरी मोडली, रस्स्यात बुडवली, तोंडात टाकली. जबडा हलायचा थांबला. पुन्हा हलला. दुसरा घास त्यांनी माझ्या सांगण्याशिवाय घेतला, एक फोड चावली आणि वाटी सरकवून दिली.

"शांते, हे मटण हाय."

"न्हाई हो मामा."

"मला मटण कळंना का? हयात गेली खाण्यात."

"लाकडाच्या भुशावर आलेली छत्री हाय. तुमच्या गळ्याची शपथ."

"तू आजवर एक तर गोष्ट खरी बोललीस का? बेडकानं पेरणी करवली म्हणतीस. कंडक्टरनं छत्रीचं तिकीट फाडलं म्हणतीस. तुझं काय धरावं?" ते उठले, भिंतीला धरून बाहेर गेले आणि चूळ भरली. परत येऊन गयामामीच्या फोटोखाली बसले. "तिच्या नावानं सोडलेलं तू माझ्या तोंडात घातलंस, पोरी."

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. ते हळू बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मी पाठवलेली भाकरीही परत पाठवली. नेम मोडला त्याचं प्रायश्चित्त म्हणून नुसतं पाणी. संध्याकाळी केवळाचा फोन आला. मागं ट्रकचा आवाज. "वहिनी, आबा जेवायलेत का?"

जेवतात, पोटाला तडस लागेपर्यंत जेवतात, काल ढेकर दिला तर माळवदाची माती पडली, असं मला सहज सांगता आलं असतं. तोंडात आलंच नाही. फोन ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "बघतो आमी. तू फडात नीट राहा."

फोन ठेवून हे मला म्हणाले, "तू त्यांला सांगू नको आता. दाखव." आणि सगळ्यात जड ठोकळा खांद्यावर घेऊन मामांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. "मामा, शेडात जागा न्हाई. चार दिस राहू द्या तुमच्याकडं." शेडमध्ये बैलगाडी फिरली असती इतकी जागा होती.

मी बादली भरून ठोकळा बुडवला. मामा दुसरीकडं बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी ठोकळा बाहेर काढला आणि म्हटलं, "आता याला एक दणका द्यायचा असतो. माझा हात दुखायलाय."

तिकडंच बघत ते म्हणाले, "दणका कशाला?"

"आत झोपलंय. आपण होऊन उठत न्हाई."

त्यांनी ठोकळ्याकडं बघितलं. मग मोळी बांधल्यावर तिच्यावर हात मारतात तसा हात मारला. पिंगळीच्या स्टेशनावरचा सिग्नल पडला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आवाज फारसा झाला नाही. हातात ताकदच नव्हती. पण मारून झाल्यावर ते तळहात बघत राहिले, आणि मी दिलेला ताकाचा गिलास त्यांनी नकळत संपवला.

मग त्यांनी त्या ठोकळ्याची राखण सुरू केली. ओलाव्यासाठी मी गोणपाट दिलं होतं. सकाळी गेले तर गोणपाट बाजूला पडलेलं आणि ठोकळ्यावर गयामामीचं जुनं लुगडं ओलं करून घातलेलं. "तरट खरबड असतंय," मामा म्हणाले. त्या दिवसांत मी इतकी गप्प होते की ह्यांनी माझा ताप बघितला.

एका सकाळी ओट्यावरून हाक आली, "शांते, ये हिकडं."

लुगड्याखाली ठोकळ्यातून तपकिरी गोंडे वर आले होते, बटणाएवढे. रोज मामा त्यांच्याकडं नाक लावून बसायचे. गोंड्यांच्या टोप्या झाल्या, थंडीनं टोप्यांवर पांढऱ्या भेगा पडल्या, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. तोडायच्या दिवशी मी हात पुढं केला तर ते म्हणाले, "थांब, मी." दांडा पिळून एक छत्री तोडली, उलटी करून बघितली, चुरगळून वास घेतला.

"हाड न्हाई."

"न्हाई."

"रगत न्हाई."

"न्हाई मामा."

"मग चव कशी काय आली?" ते माझ्याकडं बघत नव्हते, फळीकडं बघत होते. फळीवर गयामामीची मोठी बरणी होती. तोंडाला फडकं, फडक्याला तिनं मारलेली गाठ. मामी गेल्यापासून बरणी कुणी उघडली नव्हती.

मामांनी ती खाली काढली. गाठ सुटेना. मी विळी आणायला उठले तर म्हणाले, "कापू नको." ओट्यावर उन्हात बसून नखानं, दातानं, पुन्हा नखानं, त्यांनी ती सोडवली. रस्सा माझ्याकडून करवून घेतला नाही. मी सांगत गेले, ते करत गेले. तिखट जास्त झालं, मीठ विसरलं. पहिला घास खाऊन त्यांनी डोळे मिटले.

"शांते," ते म्हणाले, "ही चव तिची व्हती. बोकडाची कधीच नव्हती." आणि थोड्या वेळानं, "मटण सोडलंय म्या. तिचा मसाला कुठं सोडलाय?"

त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

शिताकेनं मामा बरे झाले असं मी म्हणणार नाही. मटणाएवढी प्रथिनं तिच्यात नाहीत, आणि मूठभर छत्र्यांनी कुणाचं अंग भरत नाही. पण तिनं भूक जागी केली. भुकेच्या मागून डाळ आली, शेंगदाणे आले, मग दूध आलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं कोणतं टॉनिक चालू आहे, तर मामा म्हणाले, "लाकूड."

धंदा म्हणून शिताके माझ्या हातून नीट झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात थंडी उशिरा आली आणि निम्मे ठोकळे हिरवे पडले. बाजारात मी आजही धिंगरीच विकते. पण त्या पहिल्या हिवाळ्यातल्या वाळवलेल्या छत्र्यांचा डबा मामांनी जपून ठेवला होता.

तो हिवाळा सरला आणि पाडव्याच्या तोंडावर केवळा परतली. ट्रकमधून उतरली ती घरी न जाता, पाचटानं कापलेले हात घेऊन, थेट बापाच्या ओट्यावर. मामांनी ताट वाढून पुढं ठेवलं. तिनं घास घेतला आणि हात तिथंच राहिला.

"आबा, मटण? आईच्या नावानं सोडलं व्हतं ना तुमी?"

मी घाईनं म्हटलं, "केवळा, छत्री हाय ती. लाकडाच्या भुशावर येते, वाळवून ठेवली होती, मी शपथेवर…"

"वहिनी, तुमी गप ऱ्हावा. आबा, तुमी सांगा."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. चेहरा असा गंभीर की मीही घाबरले. "बोकडच हाय," ते म्हणाले. "पर लाकडाचा. शांतानं आणून ओट्यावर बांधला. पाण्यात बुडवला तर गप. मग म्या एक दणका दिला, तर आतून बें करून वरडला. कुत्रं भिऊन पूर्णेपस्तोर पळालं, ते अजून आलं न्हाई."

कुत्रं त्यांच्या पायाशीच झोपलं होतं.

केवळा बापाकडं बघत राहिली. गयामामी गेल्यापासून या माणसानं एका दमात इतकं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. ती हसायला लागली, हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि मान खाली घातली. पदराआड तिला काही दिसत नव्हतं. मामांनी हळूच हात लांब केला, तिच्या ताटातली एक फोड उचलली आणि तोंडात टाकली.